आजीच्या मापाचं टेबल

कोरियातल्या थोंगयॉंगच्या बंदरावर आमची कालवं फोडायची शेड आहे. आम्ही वीस बायका दिवसभर उभ्यानं, सुरीनं शिंपले उघडून आतली कालवं काढतो. माझ्या शेजारी ओकबुन. ती ताडमाड उंच, मी बुटकी, आणि टेबल दोघींना एकच. ती कंबरेत वाकून काम करायची, मी खांदे कानाला लावून.

"ओकबुनताई, थोडी उंची दे ना मला," मी म्हणायची.

"घे की! तिच्यापायीच माझं लग्न जमायला उशीर झाला."

मालकांना, चॉनना, आम्ही दोनदा सांगून पाहिलं. "वडिलांपासून हेच टेबल आहे. तेव्हा कुणाची कंबर दुखली नाही," एवढंच त्यांचं उत्तर.

नोव्हेंबरात मालकांची आई ताज्या किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, घमेलं घेऊन शेडवर आली. वय चौऱ्याऐंशी, जीभ मात्र तिखट. ओकबुन तेव्हा टेबलाची कड धरून अर्धवट वाकलेली.

"काय गं, खाली काय शोधतेयस?"

"कंबर शोधतेय, आजी."

आम्ही सगळ्या हसलो. आजी मात्र हसली नाही. तिनं माझी सुरी घेतली, टेबलाशी उभी राहिली आणि चार कालवं फोडली. पाठ ताठ, खांदे सैल, कोपरं अगदी जिथं हवीत तिथं. मग तिनं मालकांना हाक मारली.

"अरे, हे टेबल तुझ्या बापानं माझ्या कोपराला दोरी लावून बनवलं. तेव्हा फोडणारी मी एकटी होते, पुढं तू ते त्याच उंचीनं लांबवत गेलास. आता या वीसजणींनी काय माझ्या मापाचं व्हायचं?"

मालकांचे कान लाल झाले. "मला कुठं माहीत होतं, आई?"

"मग विचारायचं होतंस!"

दुसऱ्या दिवशी ते सुतार घेऊनच आले. आम्ही माप द्यायला शाळेतल्या मुलींसारख्या रांगेत उभ्या राहिलो. सवयीनं पोक काढून उभ्या असलेल्या ओकबुनच्या पाठीत आजीनं धपाटा घातला. "ताठ! लाजतेस कशाला?" ओकबुन खरंच ताठ झाली, तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीन उंचीची टेबलं झाली. सुतारानं माझं माप पुन्हा पुन्हा घेतलं आणि डोकं खाजवलं. "पिलसुनताई, सगळ्यात बुटकं टेबलही तुम्हाला उंच. पायाखाली फळ्याच टाकाव्या लागतील."

"टाका! जन्मात एकदा तरी वरून बघू दे."

आता ओकबुन शेडच्या त्या टोकाला, मी या टोकाला. दुखणं बरंच उतरलंय, पण गप्पा कशा सोडायच्या? आम्ही ओरडूनच बोलतो, मधल्या अठराजणीही त्यात भर घालतात.

काल मालक कानांवर हात ठेवून बाहेर पळाले. "आई, तू हे काय करून ठेवलंस!"

आजी ओकबुनला विचारत होती, "मोठ्यानं सांग गं, मग तुझी सासू काय म्हणाली?"