बोनफात्ती नावाने राखलेली खोली

मित्रांनो, ज्याची तार केव्हाच कापून टाकली आहे असा मी एक जुना, काळा टेलिफोन. बोटे फिरून फिरून माझ्या तबकडीवरचे आकडे पुसट झाले आहेत. माझ्यातून आता कोणाचाही आवाज येत नाही आणि कोणाचाही जात नाही. तरीही मला बोलायचे आहे, कारण जे मी ऐकले ते माझ्याखेरीज कोणीच दोन्ही बाजूंनी ऐकलेले नाही.

माझा जन्म मिलानजवळच्या एका कारखान्यात झाला. दुसरे महायुद्ध संपून आठ वर्षे झाली होती. इटलीतल्या फेरारा शहरात, किल्ल्याच्या मागच्या गल्लीत, नऊ खोल्यांचे एक छोटे हॉटेल होते. त्याचे नाव ‘त्रे रोन्दिनी’, म्हणजे तीन पाकोळ्या. तिथल्या लाकडी टेबलावर मला बसवले, त्या दिवशी मालकीण एर्सिलियाबाईंनी शेजारपाजारच्यांना बोलावून गोड वाईन पाजली. त्या विधवा होत्या. नवरा युद्धात गेला होता. मोठी मुलगी निवेस आणि धाकटा मुलगा लेआर्को अशी दोन मुले पदरात होती. एर्सिलियाबाई रोज सकाळी एप्रनच्या टोकाने मला पुसत आणि म्हणत, “हा माझा तिसरा. हाच काय तो सांगितलेलं ऐकतो.”

मला कौतुक फार आवडे. उगाच खोटे कशाला बोलू?

दोन वर्षांनी लेआर्को एकोणीस वर्षांचा झाला आणि बेल्जियमला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. त्यानंतर नाताळात आणि ईस्टरला त्याचा फोन येई. तो “आई” म्हणाला की एर्सिलियाबाई मला दोन्ही हातांनी धरत, जणू मी सांडणार आहे.

चौदा वर्षे अशी गेली. मग एका जानेवारीत एर्सिलियाबाई अंथरुणाला खिळल्या. जिना चढवत नव्हता, म्हणून त्यांना तळमजल्यावर अंगणाकडच्या चार नंबरच्या खोलीत ठेवले होते. निवेसने खाणीजवळच्या एका खानावळीत फोन लावून लेआर्कोला बोलावून घेतले.

“आईचं काही खरं नाही. ताबडतोब निघ.”

“शनिवारी निघतो गं. त्याआधी सुट्टी देत नाहीत.”

“आई शनिवारपर्यंत थांबणार आहे का, ते विचारलंस त्यांना?”

एर्सिलियाबाई बुधवारी गेल्या. शुक्रवारी दुपारी लेआर्कोचा फोन आला. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

“मी उद्या निघतोय, निवेस.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आईला...”

“आईला सकाळी माती दिली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तू ज्या बिळात गेलायस ना, तिथंच राहा आता. इथं तुझं कुणी नाही.”

पलीकडे तो रडू लागला होता. मी ऐकत होतो. निवेसने ते ऐकले नाही, कारण तोवर मला कानावरून काढून ती खाली आपटत होती.

मित्रांनो, माणसे रागात बोलतात आणि विसरतात. पण ऐकणारा दूर देशी एकटा असला तर तो विसरत नाही. लेआर्कोने बहिणीचा शब्द खरा मानला. अकरा वर्षे त्याचा फोन आला नाही. निवेसनेही केला नाही. तिने लग्न केले नाही, हॉटेल मात्र नीट चालवले. पाहुणे खोली राखून ठेवायला माझ्यावर फोन करीत आणि मी त्यांचे आवाज तिच्या कानाशी नेऊन पोचवी. नाताळात मी वाजलो की ती धावत येई. फोन कोणा पाहुण्याचा असला की तिचा आवाज एक पायरी खाली उतरे. हे फक्त मला कळत असे.

अकराव्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका सकाळी, मी वाजलो.

“त्रे रोन्दिनी हॉटेल. बोला.”

पलीकडे नुसता श्वास. मग खोकला, दगड खरवडल्यासारखा.

“खोली... खोली हवी होती, सिन्योरा.”

निवेस उभी होती. ती खुर्चीवर बसली.

“कधीसाठी?”

“तीस ऑक्टोबरपासून. चार दिवस. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत जायचंय. शेवंती वाहायला.”

“किती माणसं?”

“एकटाच.”

“नाव?”

तो थांबला. “बोनफात्ती.”

निवेसची पेन्सिल कागदावर थबकली. बोनफात्ती हे एर्सिलियाबाईंचे माहेरचे आडनाव होते. तिने ओळखावे म्हणूनच त्याने ते सांगितले होते. आणि तिने ओळखले होते. आता फक्त एका शब्दाची गरज होती, कोणीही उच्चारला असता तरी चालले असते.

“लिहिलं,” निवेस म्हणाली. “कसली खोली हवी तुम्हाला?”

“खालची असली तर बरं. जिना चढवत नाही.”

“वय काय तुमचं?”

“चव्वेचाळीस.”

“चव्वेचाळिसाव्या वर्षी जिना चढवत नाही?”

“कोळशाचं काम होतं, सिन्योरा. थोडा छातीत राहिलाय.”

निवेसने डोळे मिटून घेतले. मग खूप सांभाळून म्हणाली, “चार नंबरची देते. अंगणाकडची.”

“चालेल,” तो म्हणाला. “खूप चांगली आहे ती. म्हणजे... असेल.”

सख्खी भावंडे एकमेकांशी अहो-जाहो करीत होती. फोन ठेवला तेव्हा ओर्नेल्ला चादरींचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून उतरत होती. ती निवेसच्याच वयाची, एर्सिलियाबाईंच्या वेळेपासून खोल्या आवरणारी, आणि जिभेने तिखट.

“कोण होतं?”

“पाहुणा.”

“मग हात का कापतायत?”

“थंडी आहे.”

“सप्टेंबरात?” ओर्नेल्ला म्हणाली आणि चादरी घेऊन निघून गेली.

नंतरच्या आठवड्यांत बोनफात्तींचे पाच फोन आले. गाडी मिलानला बदलावी की थेट बोलोन्याला? गरम पाणी असते का? धुके फार पडले आहे का? निवेस प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेई. स्टेशनवरून कसे यायचे ते ती सविस्तर सांगू लागली, तेव्हा तो म्हणाला, “ते मला माही... नकाशात बघेन मी.” एकदा तिने विचारले, “जेवायला काय करू? लाल भोपळ्याचं सारण भरलेले काप्पेल्लाच्ची चालतील?”

“घरी करता?”

“पाहुण्यांसाठी नाही करत. पण करेन.”

मी इतके आनंदाचे दिवस पूर्वी पाहिले नव्हते. निवेसने चार नंबरच्या खिडक्यांना नवे पडदे शिवले. गादी उन्हात टाकली. २९ तारखेला पीठ मळून भोपळा शिजवला. आणि त्याच दुपारी फोन आला.

“सिन्योरा, मला जमणार नाही. तब्येत जरा... पुढच्या वर्षी नक्की.”

“हरकत नाही, सिन्योर बोनफात्ती. कळवलंत, बरं केलंत.”

तब्येत हे अर्धेच खरे होते. त्याच्या श्वासात भीती होती. दारात आल्यावर बहीण काय म्हणेल, ही भीती. ती मी तिला सांगू शकलो नाही. टेलिफोन आवाज पोचवतो. त्यामागचे काही पोचवत नाही.

त्या रात्रीचे जेवण ओर्नेल्लाने खाल्ले. “फुटला म्हणायचा भ्रमाचा भोपळा,” ती घास गिळत म्हणाली. निवेस हसली नाही.

पुढच्या सप्टेंबरात तो पुन्हा बोलला. त्याच्या पुढच्या वर्षीही. खोली ठरे, गाडी ठरे, जेवण ठरे, आणि शेवटच्या दोन दिवसांत सारे रद्द होई. दरवर्षी त्याचा खोकला अधिक खोल गेलेला असे. एकदा निवेसने न राहवून विचारले, “औषध घेता का वेळेवर? सोबत कुणी आहे?” तो म्हणाला, “घरमालकीण चांगली आहे.” ती म्हणाली, “बरं.” एवढेच. मोठ्या बहिणीच्या तोंडात पुढे शंभर वाक्ये आली होती, ती सगळी तिने गिळली.

पाचव्या वर्षी तो जरा धीट वाटला. तिकीट काढले होते. बॅग भरायला घेतली होती. बोलता बोलता तो म्हणून गेला, “भोपळ्यात जायफळ जास्त घालू नकोस हं...” आणि गप्प झाला. मग घाईने म्हणाला, “माफ करा, सिन्योरा. तुम्ही, तुम्ही जसं करता तसंच करा.”

मित्रांनो, तो क्षण दार उघडे टाकून उभा होता. निवेसच्या ओठांवर त्याचे नाव आले होते. मला तिचा श्वास लागत होता.

“नाही घालणार जास्त,” ती म्हणाली.

“एक नंबर लिहून ठेवा,” तो म्हणाला. “माझ्या खोलीत आता फोन आहे. काही बदल झालाच तर.”

तिने नंबर लिहिला. ओर्नेल्ला या वेळी दाराशीच उभी होती. तिने झाडू भिंतीला टेकवला.

“पाच वर्षं झाली, निवेस. मी काय खुळी आहे? तो लेआर्को आहे.”

“असेल.”

“असेल काय, असेल! तो काही उगाच नंबर देतो का? लाव फोन. ‘ये रे बाबा’ म्हण. तीन शब्द. तेवढ्यानं जीभ झिजणार नाही तुझी.”

“त्यानं आधी आपलं नाव सांगावं. नाव बदलून बोलतोय तो.”

“आणि तू नाव ओळखून गप्प बसतेयस. दोघंही एकाच आईची, एक सांडलेलं तर दुसरं लवंडलेलं!”

“येतोय ना तो तीस तारखेला? आला की बोलेन. समोरासमोर बोलायच्या गोष्टी असतात या.”

पण त्या दुपारपासून ती रोज मला उचलू लागली. बेल्जियमचा आकडा, मग गावाचा, मग त्याचा. माझी तबकडी फिरे आणि परत येई. शेवटचा एकच आकडा उरला की तिचे बोट भोकात अडकून राही, आणि ती मला हलकेच खाली ठेवी. असे एकवीस दिवस झाले. माझ्याकडून काय झाले असते? मी यंत्र आहे. शेवटचा आकडा माणसालाच फिरवावा लागतो.

ऑक्टोबरची एकोणतीस तारीख आली. सकाळचे दहा वाजले होते. निवेसच्या हाताला पीठ लागलेले होते. मी वाजलो तेव्हा ती म्हणाली, “बघ, आलाच रद्द करायला,” आणि पिठाच्याच हाताने मला उचलले.

पलीकडे एक बाई होती. बोलण्यावरून वयस्कर वाटत होती. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या इटालियन कामगारांकडून शिकलेली मोडकीतोडकी भाषा ती बोलत होती.

“हॉटेल? एक खोली आहे तुमच्याकडं, बोनफात्ती नावानं. ती रद्द करायची.”

“त्यांना द्या फोन,” निवेस म्हणाली.

“ते गेले, मादाम. मंगळवारी. छाती... तुम्हाला ठाऊक आहे, खाणीतली माणसं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तिकिटाच्या पाकिटावर तुमचा नंबर होता, म्हटलं, कळवावं. उगाच वाट बघत बसाल.”

निवेसने मला दोन्ही हातांनी धरले.

“मी विचारलं होतं त्यांना,” बाई सांगत राहिली, “की तिकडं इटलीत तुमचं कोण आहे? तर म्हणाले, कुणी नाही. एक चांगलं हॉटेल आहे, म्हणाले. तिथली बाई फार आस्थेनं बोलते.” मग तिने विचारले, “ऐकताय ना? तुम्ही त्यांच्या कोणी लागत होता का?”

मित्रांनो, जे अजून बोलता आले असते ते यावेळी बोलायला हवे होते. पण ज्या माणसाने पंधरा वर्षे जीभ आवळून धरली, त्याची जीभ ऐन वेळी सुटत नाही.

“नाही,” निवेस म्हणाली. “मी हॉटेलवाली.”

“बरं तर. नमस्कार, मादाम.”

फोन बंद झाला. बाईचे नाव, तिचा पत्ता, त्याला कुठल्या दफनभूमीत पुरले, यातले काहीही निवेसने विचारले नव्हते. हे तिच्या लक्षात आले तेव्हा ती किंचाळली. तिने मला उचलले आणि तो नंबर फिरवला. या वेळी शेवटचा आकडाही. पलीकडे, त्या रिकाम्या खोलीत, घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिली. तिसऱ्या दिवशीही. निवेस मला कानाला लावून पुटपुटत होती, “उचल रे. लेआर्को, उचल ना. मी ताई बोलतेय.” नवव्या दिवशी एक अनोळखी आवाज म्हणाला की हा नंबर आता अस्तित्वात नाही.

दोन नोव्हेंबरला ती आईच्या थडग्यावर गेली होती. ओर्नेल्ला सांगत होती की तिने शेवंतीच्या दोन कुंड्या नेल्या आणि दुसरी कुठे ठेवायची ते न कळून ती हातात धरूनच परत आली.

त्यानंतरचे माझे आयुष्य सांगण्यासारखे नाही. पाहुणे फोन करीत, निवेस खोल्या राखून ठेवी, पण तिचा आवाज वाचून दाखवल्यासारखा झाला. चार नंबरची खोली तिने कोणाला दिली नाही. पुढे गुडघे गेले. हॉटेल विकले गेले. नव्या मालकांनी हलके, बटणांचे फोन आणले आणि माझी तार कात्रीने कापली. निवेसला म्हाताऱ्यांच्या आश्रमात नेले. जाताना ती माझ्याजवळ थांबली, पण तिने मला हात लावला नाही. मी तिचा दोष मानत नाही. मी काही वर्षे जिन्याखाली पडून होतो. आता रविवारच्या जुन्या बाजारात एका टेबलावर असतो. मुले येतात, माझी तबकडी फिरवतात, तिचा कर्रकर्र आवाज ऐकून हसतात आणि पुढे जातात.

मला पुसा, जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखी यंत्रे मोडतात, नवी येतात. पण तुमच्या घरात कोणाचे तरी नाव घेणे बंद झाले असेल. कोणीतरी रागात म्हटलेला शब्द दुसऱ्याने खरा मानला असेल. ते माणूस एखादे खोटे निमित्त काढून तुमच्या दाराशी येईल, वाटसरूचे, पाहुण्याचे, वाट चुकलेल्याचे. त्याने आधी बोलावे म्हणून थांबू नका. तुम्हीच त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. माझ्या ऐकण्यात ती हाक एकदाच आली, आणि तेव्हा पलीकडे कोणी नव्हते.