वरच्या मजल्यावरचं गाणं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत, वरच्या मजल्यावर दोन दिवस संध्याकाळ झाली की ढोल वाजायचा. पाठोपाठ गाणी, माणसांची ये-जा, चहाच्या कपांचा किणकिणाट. तिसऱ्या दिवशी सोमवार. इंदुमतीबाई शंकरापुढे जपाला बसल्या आणि पुन्हा ढोल सुरू झाला. मन काही केल्या लागेना. कधी कुणाला टाकून न बोलणाऱ्या बाई, पण नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, रोज रोज कसली पार्टी ही? जरा सांगून या बरं."

अशोकराव कॉलनीतल्या दोघांना घेऊन वर गेले. गाणं थांबलं. माणसं मुकाट जिना उतरून गेली.

तेवढ्यात भाची राधा क्लासहून आली. नांदेडची ही पोर कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली, आणि परीक्षेला विषय घेतलेला मानवशास्त्र. "लोकांच्या चालीरीती पाठ करून कुणी कलेक्टर होतं का गं?" असं मावशी तिला नेहमी चिडवायच्या. जिन्यातल्या माणसांचे चेहरे पाहून राधाने विचारपूस केली होती. ती दारातच थांबली.

"मावशी, वरच्या लालरिनपुईंची आई गेली, तिकडे ऐझॉलला. त्यांना वेळेत पोचता आलं नाही. मिझो लोक दुःखाच्या घरी जमून गातात, माणसाला एकटं पडू देत नाहीत. आज शेवटची संध्याकाळ होती."

अरे देवा! जपमाळ हातातच राहिली.

"रडणं नाही, काही नाही... मला कसं कळावं?"

"आजी गेली तेव्हा आपल्याकडे चूल पेटली नव्हती. समोरच्या पंजाबी काकूंना वाटलं, घरात भांडण झालंय. पण त्यांनी येऊन विचारलं. माझा विषय एवढंच तर शिकवतो, मावशी. दुसऱ्याचं वागणं विचित्र वाटलं की आधी विचारायचं. आपलंही कुणाला तरी विचित्र वाटतच असतं."

इंदुमतीबाईंनी पिठलं-भात केला आणि तो घेऊन स्वतः उपाशीच वर गेल्या. खोलीत रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या तशाच होत्या. लालरिनपुईंनी दार उघडलं आणि आधी त्याच म्हणाल्या, "सॉरी दीदी, अब आवाज नहीं आएगी."

"उनको फिर बुला लो ना. मैं भी बैठूँगी."

"सब दूर से आए थे, दीदी. अब नहीं आ पाएँगे."

इंदुमतीबाई एका खुर्चीवर बसल्या. दोघी अंधारून येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

मंडळी, गुडगावात काचेच्या इमारती उठताहेत, आपली मुलं परदेशी निघालीत. जग जवळ आलं, असं आपण म्हणतो. पण जिन्यावरच्या माणसाचं दुःख ज्याला ओळखता येत नाही, तो जगाचा नागरिक कसा होणार? माणसं वाचायला शिकावं लागतं. इंदुमतीबाई त्या दिवसापासून शिकू लागल्या. त्या गेलेल्या माउलीचं गाणं मात्र अर्धंच राहिलं, ते कायमचं.