जुरांदीरच्या वाटच्या सुया

सोमवारपासून रोझेनील्दाला बसता येत नव्हतं. दोन्ही कुल्ल्यांत पेनिसिलिनची एकेक सुई, आणि पोटात आठवा महिना. ती मासे उभ्यानं साफ करी, उभ्यानंच जेवे. झोपायच्या झुल्यात पडायचं म्हटलं तरी जीव कळवळायचा.

हे सगळं तिनं सहाव्या महिन्यात एकदा सोसलं होतं. तीन सोमवार, सहा सुया. आधीचं मूल पोटातच गेलं ते सिफिलिसनं, असं तपासणीत निघालं होतं. या खेपेला मूल वाचवायचं तर नवरा-बायको दोघांनीही सुया घ्यायच्या, नाहीतर त्याचा रोग पुन्हा तिला आणि तिच्याकडून बाळाला, हे आरोग्यसेविका झुलेदीबाईंनी दहादा बजावलं होतं. दोघांच्या कार्डांवर तीन-तीन सह्याही पडल्या. तरी गेल्या आठवड्यात तिच्या रक्तातला रोगाचा आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला निघाला. या सोमवारी दोघांना पुन्हा पहिल्यापासून सुया सुरू झाल्या; तिला सकाळी, त्याला धंदा आटोपून संध्याकाळी.

मंगळवारी सकाळी जुरांदीर शीळ घालत बाहेर आला आणि मोटरसायकलवर धप्पकन बसला. दिवसभर भाड्याची माणसं मागे घेऊन गावातले खड्डे तुडवायचे, हाच त्याचा धंदा.

"दुखत नाही का रे तुला?" तिनं दारातून विचारलं.

"पुरुषाचं अंग आहे बाई!" म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

दुपारी ती मॅनिऑक कंदाचं पीठ आणायला दुकानावर गेली. दारात नेहमीचा डॉमिनोचा डाव रंगला होता. तिघे बसलेले, आणि जुरांदीरचा चुलतभाऊ अदामोर तेवढा उभ्यानं, वाकून सोंगट्या लावत होता.

"भाऊजी, बसा की."

"नको वहिनी. असंच बरंय."

"बसेल कसला!" समोरचा म्हातारा खिदळला. "मागच्या खेपेलाही तीन मंगळवार उभाच होता. कार्ड भावाचं आणि कुल्ले याचे!"

अदामोरचं तोंड उतरलं. "पैज हरलो होतो, वहिनी. तो म्हणाला, नुसतं कागदापुरतं हवंय. नर्स नवी आहे, कार्ड बघते, तोंड नाही बघत."

रोझेनील्दा पीठ न घेताच परतली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं. आठ महिन्यांत तिनं उलट्या सोसल्या, सुया सोसल्या, आणि हा नुसता शीळ घालत हिंडला.

जुरांदीर घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "अदामोर उभा आहे."

त्याला कळलं. "सुई बघितली की घेरी येते मला, निल्दा. शिवाय लोक काय म्हणतील..."

"लोकांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते मला. आपलं एक पोर गेलंय रे!"

बुधवारी तिनं त्याला मनगटाला धरून नेलं. झुलेदीबाई जातीनं समोर उभ्या राहिल्या. सुई टोचली तसा तो पालथ्याचा पालथा गार झाला, आणि शुद्धीवर येऊन ओशाळला. पण आता उशीर झाला होता. पुरते दोन आठवडेही गेले नाहीत आणि रोझेनील्दा दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी. तिच्या रक्तातला आकडा आईच्या आकड्याहून कितीतरी वर होता.

"वाचेल ना?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"औषध वेळेवर सुरू होतंय. दहा दिवस, रोज एक सुई. एकही दिवस चुकवायचा नाही."

पहिल्या दिवशी नर्स ट्रे घेऊन खाटेशी आली. "आई, पाय धरा जरा."

रोझेनील्दा हलली नाही. "बापाला बोलवा. या त्याच्या वाटच्या आहेत."

जुरांदीर आत आला. पोरीची मांडी त्याच्या दोन बोटांएवढी होती. सुई पाहून त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"मला बघवत नाही, निल्दा."

"बघू नकोस. धर."

त्यानं धरलं. पोरगी निळी होईतो रडली. सुई निघाली तरी त्याचा हात तिच्या पायावरून सुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण या वेळी तो उभा होता.

"उद्या... उद्याही मीच?"

"दहाही दिवस," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून तिनं डोळे मिटले.