सहाच्या जागी सात

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या चाचणीच्या खोलीतला एक तास बाहेरच्या सत्तर मिनिटांएवढा झाला. चूक माझी होती.

आम्ही रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारे पंप बनवतो. पंपाच्या आत एक स्फटिक फार वेगाने ठोके देतो. त्या ठोक्यांना भागून पंपाला हवी तेवढी संथ गती द्यायची, हे माझ्या ड्रायव्हरचं, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं काम. मला सहाने भागायचं होतं, म्हणून मी सहा लिहिलं. पण ती चिप शून्यापासून मोजते. सहा लिहिलं की ती सातने भागते.

खोलीत काहीच बदललं नाही. काचेपलीकडच्या व्हरांड्यात मात्र माणसं जरा लगबगीने चालू लागली. तिथल्या बाकावर माझी जुळी बहीण विशाखा बसली होती. त्या दिवशी आमचा छत्तिसावा वाढदिवस होता आणि आम्ही जेवायला बाहेर जाणार होतो.

"ताई वाट बघतायत तुमची," घैसास सर म्हणाले. ते आमचे विभागप्रमुख, खोलीत माझ्याबरोबरच होते. "चाचणी संपवा आणि जा."

चाचणी संपल्याशिवाय दार उघडत नाही, हा नियम त्यांचाच.

मी सहा खोडून पाच लिहिलं आणि ड्रायव्हर पुन्हा चढवला. पण आता त्याच्या हाती मूळ ठोका नव्हता. आधीच भागलेल्या ठोक्याला त्याने परत सहाने भागलं. तासाभरात व्हरांड्यात अंधार झाला आणि पुढच्या दीड तासात उजाडलं. मी घाबरले आणि तेच आणखी चारदा केलं. आता आमचा एक तास बाहेरच्या वर्षाहून तेरा दिवसांनी मोठा झाला होता.

बाकावर विशाखाच्या साड्यांचे रंग एकमेकांत मिसळून दिसत होते. ती रोज येत असावी. मधेच करडा रंग बराच वेळ टिकला, तेव्हा ती आजारी होती की घरात कुणी गेलं होतं, ते मला कळलं नाही.

"सर, मूळ ठोका सापडल्याशिवाय हे सुटणार नाही," मी म्हटलं.

"तो आता बाहेरच आहे," सर म्हणाले. ते चहा पीत होते.

सात तास मी वेगवेगळे आकडे लिहून पाहिले. ड्रायव्हर एकही घेईना. शेवटी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विशाखा, घड्याळात बघून दर सेकंदाला काचेवर एक टिचकी मार. मी सांगेपर्यंत थांबू नकोस.' कागद काचेला लावून धरला. तिने तो वाचला असावा, कारण काच वाजू लागली. वेगळ्या टिचक्या ऐकू येत नव्हत्या, एक सलग बारीक शीळ येत होती. मी काचेला ठोके मोजणारा प्रोब चिकटवला. पडद्यावर आकडा स्थिर व्हायला दहा सेकंद लागले. एका सेकंदात नऊ हजार बहात्तर.

शीळ एकदाही तुटली नाही. बाहेर पंचवीस तास झाले होते.

"खंबीर आहेत ताई," सर म्हणाले.

मी तो आकडा ड्रायव्हरला दिला, मूळ ठोका परत जोडला आणि पाच लिहिलं. शीळ उतरत उतरत टिचक्यांवर आली. टक. टक. मग मी हाताने खूण केली, टिचक्या थांबल्या, आणि दाराची कडी आपोआप सरकली. सर बाहेर आले नाहीत. त्यांना अहवाल लिहायचा होता.

विशाखा काचेशी उभी होती. तिच्या कानांमागे पांढरं झालं होतं. उजव्या हाताच्या बोटाला तिने रुमाल गुंडाळला होता.

"तुझं बोट," मी म्हटलं.

"राहू दे. भूक लागली असेल तुला."

"तू चिडली नाहीस?"

"पहिली दोन वर्षं चिडले होते. मग पाच वर्षं नुसती वाट पाहिली." तिने मला नीट निरखून पाहिलं. आईकडे बघायचे तशी मी तिच्याकडे बघत होते. "अनू, तू अजून तशीच आहेस गं. ये, बस इथे. केस किती विस्कटलेत."

मी बाकावर तिच्यापुढे बसले. तिने पर्समधून कंगवा काढला, माझे केस सोडले, विंचरले आणि वेणीसाठी त्यांचे तीन सारखे पेड केले. एक बट उरली. तिने पेड सोडून पुन्हा भाग पाडले, अगदी हळू, मनाशी मोजत. पुन्हा एक बट उरली. "आपली वर्षंही आता सारखी नाहीत गं," ती म्हणाली. ती बट मुठीत धरून ती माझ्या मागे उभी होती.