एकाच शिंगाच्या तीन मुठी

सासूबाई गेल्या आणि वाटण्यांना सुरुवात झाली. भांडी, पलंग, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मी मुकाट्यानं जाऊ दिलं. राहिली एक सुरी, एक मोठा काटा आणि धार लावायची पोलादी सळई. तिन्हींच्या मुठी सांबरशिंगाच्या. सासूबाईंच्या सासूपासून या वस्तू आमच्या घरात आहेत. रीत अशी की जी त्यांची पुसापुशी करेल, तिनंच जेवणाच्या टेबलाशी मांस कापायचं. सासूबाईंचे हात थरथरायला लागले तेव्हापासून ते हात माझे.

वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, परस्पर ठरवलं: सुरी त्यांना, काटा धाकट्या दिरांना, सळई मला. वर कुणाच्या वाट्याला मळकं जायला नको म्हणून तिन्ही वस्तू साबणाच्या कढत पाण्यात बुडवून ठेवल्या.

मी स्वयंपाकघरात आले, पाहिलं आणि तसाच हात घातला. बोटं पोळली. काट्याची मूठ खुळखुळत होती, तिला धरून ठेवणारी आतली राळ सुटली होती. शिंगाला पाणी सोसत नाही. ओलसर फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं, कधीमधी तेलाचं बोट फिरवायचं. याच घरात वाढलेल्या बाईला हे मी शिकवायचं?

वन्सं म्हणाल्या, एवढा कांगावा कशाला, प्लास्टिकच असेल ते. तापलेली सुई टोचून बघू, वितळलं की कळेल.

"प्लास्टिक आहे, तर वाट्याला कशाला हवंय?" मी म्हटलं. "आणि सुई टोचायचीच तर मला टोचा. मुठीला हात लावायचा नाही."

दिरांनी खोकल्याच्या आड हसू लपवलं.

मी टॉवेल पसरला आणि मुठी एकीखाली एक मांडल्या. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या मुठी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, खाच न् खाच सारखी. इथे सुरीच्या मुठीवर जी खाच कडेला संपत होती, तीच काट्याच्या मुठीवर पुढे चालू झाली आणि सळईच्या मुठीवर जाऊन विरली. एकच शिंग, तीन तुकडे.

दीर वाकून बघत राहिले. "वहिनी, मला काटा नको. इथंच राहू दे."

वन्संचे डोळे भरले. "आईची आठवण म्हणून मला काही नको का?"

ते खरं होतं. मला लागलंही. पण मी टॉवेलाची घडी घातली ती तिन्ही वस्तू आत घेऊनच.

"आठवण आली की जेवायला या, वन्सं. सांबरानं आपलं शिंग आपणहून टाकलं असेल. मी टाकायची नाही."

त्या तणतणत गेल्या. मी राळ वितळवून काट्याची मूठ पुन्हा बसवली, जरा तिरकी बसली, बसू दे. पुढे बऱ्याच दिवसांनी वन्सं आल्या, फुगलेल्या तोंडानंच. पहिला काप मी त्यांच्या ताटात वाढला, त्यांच्या आईला आवडायचा तसा पातळ. सुरी मात्र लगेच पुसून माझ्याच उजव्या हाताशी ठेवली.