एका बाहीचा कोट

वजनमापांच्या कचेरीत एक कारकून होता. होता म्हणजे असावा, असं सगळ्यांचं मत होतं. कारण त्याच्या टेबलावरचा चहा कोणीतरी पिऊन टाकत असे. दुकानदारांची पितळी वजनं तपासायची, खरी असतील त्यांवर शिक्का ठोकायचा, हे त्याचं काम. दरवर्षी कचेरीचा एकत्र फोटो निघे. त्याखाली मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं छापत आणि शेवटी लिहीत, ‘व इतर’. आता इतर म्हणून उरलेला माणूस एकच. त्यामुळे त्याला सगळे ‘इतर’च म्हणू लागले, आणि हाक मारली की तोही मुकाट्याने ओ देऊ लागला.

त्याचा चेहरा असा की समोर असेपर्यंत दिसायचा, मान वळवली की गेला. न्हावी अर्धे केस कापून दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे वळायचा. हे सगळं इतरने पोटात घातलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात यंत्रांच्या प्रदर्शनात घात झाला. त्याची बायको गर्दीत दुसऱ्याच एका गृहस्थाचं कोपर धरून त्याला घरी घेऊन गेली.

तो गृहस्थही बिचारा कुठला तरी इतरच असणार. काही न बोलता गेला. खुर्चीत बसला, चहा प्याला, पाय लांब केले आणि जाता जाता मोरीतला गळका नळ दुरुस्त केला. नळ गळायचा थांबला तेव्हा कुठे बाईंना संशय आला.

“अगं, तोंडाकडे तरी बघायचं होतंस!” इतर रडकुंडीला आला.

“तुमच्याकडे तरी मी कधी बघते?” बायको म्हणाली. “एरवी माझी पिशवी तुमच्या खांद्यावर असते, म्हणून कळतं. त्या दिवशी नेमकी माझ्याच हातात होती.”

ही पिशवी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. तिच्यात छत्री, पाण्याची बाटली, विणकाम आणि एक किलोचं पितळी वजन असे. नवरा शिक्के मारतो म्हणून तिचा भाजीवाल्यांवर विश्वास बसलेला नव्हता; उलट नवऱ्याला पाहूनच उडाला होता. लग्न झाल्यापासून ही पिशवी इतरच्या डाव्या खांद्यावर होती.

इतरच्या जिवाला मात्र घोर लागला. पुढच्या वेळचा गृहस्थ शहाणा निघाला आणि त्याने नळाला हातच लावला नाही तर? तो तिथेच राहील, आणि आपण जन्मभर दारात उभे!

मेहुणा शौकीन होता. त्याने सल्ला दिला, “भाऊजी, माणसाला स्वतःची स्टाइल पाहिजे. भडक नको. करड्या लोकरीचा एक चांगला कोट शिवा. साधा, जुन्या वळणाचा. आपण गप्प बसावं, कापडाने बोलावं.”

गावात कोट शिवणारे मास्तर एकच, आणि अंगात रग अशी की गिऱ्हाइकाने कोट मागितला तर आधी त्याची लायकी काढत. त्यांनी इतरभोवती दोन फेऱ्या मारल्या, कारण पहिल्या फेरीत तो त्यांना सापडला नाही.

“शर्टाची कड बाहीतून बोटभर दिसली पाहिजे,” मास्तर म्हणाले. “आणि शेवटचं बटण लावायचं नाही.”

“मग ते शिवता कशाला?”

“न लावण्यासाठी!” मास्तर गरजले. “बटणच नसेल तर लावलं नाही हे लोकांना कळणार कसं?”

मग मास्तरांचा हात डाव्या खांद्यावर येऊन थबकला.

“इथे खाच आहे. बोटभर खोल. काय, बैलगाडी ओढता की काय?”

“बायकोची पिशवी.”

“शी! कापूस भरावा लागेल. खांदा म्हणजे कसा, टेबलाच्या कडेसारखा हवा.”

“भरा की.”

“भरा की म्हणे! किती भरायचा, ते खांदा चालता-बोलता बघितल्याशिवाय कळतं होय?”

मास्तरांची रीतच होती तशी. कोट कच्च्या टाक्यांवर उभा करायचा आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून त्याला आठवडाभर हाकलून द्यायचं. “आरशापुढे सगळेच ताठ उभे राहतात. तुम्ही खुर्चीत कसे बसता, ते कोटाला कळू दे.” खांदा ठरल्याशिवाय बाही नाही, हा दुसरा नियम. डावा खांदा ठरेना, म्हणून डावी बाहीही लागेना. तेव्हा इतर दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला तो एका बाहीच्या कोटात. अंगभर पांढरे लांब लांब टाके, पाठीवर खडूच्या रेघा, आणि कॉलरला विसरलेली एक टाचणी.

कचेरीतल्या सगळ्या माना वळल्या. दारातून कोणीतरी आत आलंय, हे पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं होतं.

“हे काय, इतर?” साहेबांनी विचारलं.

इतरला वाटलं, आता हसतील. घाबरून तो एवढंच म्हणाला, “साहेब, जुनं वळण आहे.”

जुनं वळण म्हटल्यावर साहेबांची पंचाईत झाली. आपल्याला ठाऊक नाही, असं साहेब कसं म्हणणार? ते मान डोलावून म्हणाले, “अर्थात. आमचे आजोबा वापरत.”

झालं! आजोबांचं नाव निघाल्यावर कॅशियरच्या आजोबांनीही वापरला होता, हेडक्लार्क बडेबाबूंच्या तर पणजोबांनी. चार दिवसांत साहेब डावी बाही उसवून आले. कॅशियरने बायकोकडून कोटभर पांढरे टाके घालून घेतले. शिपायाला कोटच नव्हता, त्याने शर्टावर खडू ओढला. मास्तरांच्या दुकानापुढे रांग लागली आणि बाही काढून देताना मास्तर शिव्या देत होते, पण काढून देत होते. पुढे पुढे तर गावात इतक्या डाव्या बाह्या उरल्या की लोक त्यांत छत्र्या ठेवू लागले.

पहिला आठवडाभर बायको इतरला लांबून हात करायची. “अहो, दिसलात हं!” म्हणायची. त्या एका वाक्यावर तो तरंगत होता. मग एके दिवशी बाजारात तिने हात केला आणि सतरा पुरुषांनी ओ दिली.

इतर धावत मास्तरांकडे गेला. “मास्तर, कोट पुरा करा! दोन्ही बाह्या, टाके नकोत, खडू नको. उद्या कचेरीचा फोटो आहे.”

“आणि खाच?”

“बुजवा एकदाची!”

मास्तरांनी मूठ मूठ कापूस ठासला आणि बाही लावली. कोट असा देखणा झाला की खुद्द मास्तर शिवी द्यायला विसरले. इतर आरशात स्वतःलाच नमस्कार करून बसला.

फोटोच्या दिवशी अंगणात बाकं मांडली होती. एका बाहीची सगळी फौज उभी, आणि तिच्यात दोन बाह्यांचा इतर एकटा. आता चुकायला जागाच नाही, असं त्याला वाटलं. पण बायको दोन दिवस बहिणीकडे होती, तिथूनच पिशवी घेऊन परस्पर आली. कोट पुरा झाल्याचं तिला काय ठाऊक? आली ती सरळ साहेबांचा उघडा दंड धरून म्हणाली, “झाला ना फोटो? चला घरी.”

साहेब दोन पावलं निघालेसुद्धा. त्यांना घरी इतक्या हक्काने कोणी बोलावलं नव्हतं.

“अगं, मी इकडे!” इतर ओरडला.

बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. टेबलाच्या कडेसारखे खांदे, बोटभर शर्ट, न लावलेलं बटण. “आपण कोण?” त्यांनी अदबीने विचारलं.

“मी तुझा नवरा!”

“तसं तर मलाही वाटतंय,” साहेब पुटपुटले.

“नळ मी दुरुस्त करीन,” कॅशियर मागून म्हणाला.

बाईंनी तिघांवरून नजर फिरवली. मग खांद्यावरची पिशवी उतरवून म्हणाल्या, “रांगेत उभे राहा सगळे.” त्यांनी पिशवी साहेबांच्या खांद्याला अडकवली. घसरली, आणि किलोचं वजन बुटावर पडलं. साहेबांनी त्याही स्थितीत त्यावरचा शिक्का बघून घेतला. कॅशियरच्या खांद्यावरून घसरली. बडेबाबू तर पिशवीसकट बसले. शेवटी इतर. त्याने खांदा पुढे केला. पिशवी अडकली, किंचित डोलली आणि गुळगुळीत कापडावरून सरकून खाली.

“चला,” बाई साहेबांकडे वळल्या, “निदान तुम्ही लंगडताय तरी. ओळखू येईल.”

तेव्हा इतरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने दातांनी खांद्याची शिवण धरली आणि टर्रकन फाडली. मास्तर कुंपणापलीकडून बघत होते, ते “मेलो!” म्हणून मटकन बसले. इतर कापूस उपसत होता, उपसतच होता. अंगणात कापसाचा ढीग झाला, बाकं बुडाली, फोटोवाला कॅमेरा डोक्यावर घेऊन उभा राहिला. खांदा मोकळा झाल्यावर त्याने पिशवी उचलली आणि खाचेत टाकली.

पिशवी अशी बसली की जणू तिथेच उगवली होती.

“अय्या, हे तर आमचे हे!” बाई म्हणाल्या आणि बोटाने त्याच्या मिशीवरचा कापूस काढू लागल्या. तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं.

तो फोटो कचेरीत अजून लटकतो आहे. फाटका कोट, खांद्यावर पिशवी, गुडघाभर कापसात तो आणि त्याची बायको. खाली छापलं आहे, ‘पिशवीवाले सपत्नीक, व इतर’.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात पुन्हा रांग. साहेब लंगडत सर्वांच्या पुढे. “मास्तर, डाव्या खांद्याला एक खाच. जुन्या वळणाची.”

“ती इथे होत नाही,” मास्तर दार लावता लावता म्हणाले. “घरी जाऊन पिशवी मागा.”

आणि त्या गावात संध्याकाळी गेलात, तर अजूनही दिसतं. सगळे पुरुष बायकांच्या पिशव्या घेऊन हिंडताहेत, बायका हात हलवत पुढे, आणि दर चार पावलांवर कोणी ना कोणी खांदा चाचपून बघतो आहे.