पैकीच्या पैकी

शर्टाची कॉलर उलटवता उलटवता शिंपीणबाईंचा पाय मशीनवरच थांबला. आतल्या खोलीत लेक उद्याच्या पेपरासाठी घोकत होती : “झरे, झाडं, दगड यांना देव मानणारे लोक अज्ञानी असतात. त्यांना योग्य मार्गावर आणणे हे आपले कर्तव्य आहे.”

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झऱ्यालाच हात जोडत आले होते.

“काय म्हणालीस गं?”

“धर्माचा पेपर आहे, आई. हा प्रश्न हमखास येतो.”

“आणि तू हे लिहितेस?”

“मागच्या वेळी पैकीच्या पैकी मिळाले.” पोरगी इतक्या सहज बोलली, की बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. “आपल्या धर्माचा तासच नाही ना शाळेत. धर्माचे मार्क नसले तर वरच्या वर्गात घालत नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, कुठल्याही एका तासाला बस.”

“मला सांगायचंस तरी!”

“आजीला कळलं असतं.”

सकाळी गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता बाई शाळेत पोचल्या. मोठ्या बाई मनानं वाईट नव्हत्या. “शिकवायला माणूस नाही हो. मी तरी काय करू?”

“मी आहे की,” शिंपीणबाई बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या.

मग शिक्षण कचेरीच्या चकरा सुरू झाल्या. “पुस्तक कुठलं तुमचं?” साहेबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते हसले. “मग धर्म कसला?” लेकीनं त्या सकाळचा पेपर कोराच दिला होता; तिला त्याच वर्गात पुन्हा बसवलं. सगळं कळल्यावर आजी दोन दिवस नीट जेवली नाही. बाई मात्र जातच राहिल्या, साहेब बदलेपर्यंत. नव्या साहेबांनी वर विचारून परवानगी आणली.

तासासाठी खेळाच्या सामानाची खोली मिळाली. जाळी, फुटके चेंडू, एक फळा. बाईंनी कोराच फळा पुन्हा पुसला. विद्यार्थिनी एकच, आपलीच लेक, तरी काय बोलावं सुचेना.

एवढ्यात दार ढकललं गेलं. बाहेर चारपाच मुलं उभी होती. सगळ्यांत पुढे लेकीच्या जुन्या वर्गातली, तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण. चार वर्षं दोघींनी तेच उत्तर शेजारीशेजारी बसून लिहिलं होतं.

लेक ताडकन उठली. “तू पण आपल्यातलीच?”

मैत्रिणीनं मान डोलावली.

“आत या रे,” शिंपीणबाई कशाबशा म्हणाल्या, “चेंडू सरकवा आणि बसा.”